शनिवारची अळंबी

चुलीचा खडक,
रविवार, ६ मे १९८४

अरे मेडार्ड,

माझी पाळी बदलली आणि आपली चुकामूक सुरू झाली. मी खडकावर येते त्या शनिवारी तू नसतोस, आणि तू येतोस त्या शनिवारी मी जाब्लोनेत्सच्या कारखान्यात काचेचे मणी निवडत बसलेली असते. म्हणून हे पत्र कपारीतल्या डब्यात ठेवतेय. पुलेत्सनं डब्यातला जुना रंग नीट खरवडलेला नाही. पत्राला हिरवे डाग लागले तर त्याला धर, मला नको.

येताना गाडीत एका म्हातारीनं माझी पाठपिशवी बघून विचारलं, "पोरी, तुला घर नाही का? जंगलात झोपायला जातेस ती?" म्हटलं, "घर आहे हो आजी, हॉटेलला पैसे नाहीत." तिला इतकं वाईट वाटलं की तिनं चरबी लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा माझ्या हातात कोंबला. पुढच्या वेळी मी याहून केविलवाणं तोंड करणार आहे.

आता कामाचं. जुलैत रुमानियाला जायचं नक्की. पुलेत्स, बिड्लो, मी आणि तू. पश्चिमेकडं आपल्याला कुणी सोडत नाही, समुद्र खिशाला झेपत नाही, पण फगराशच्या डोंगरावर तंबू ठोकायला कोण पैसे मागतो? बिड्लोची आई म्हणते, बरोबर जाणतं माणूस असेल तरच पाठवीन. तू तिकडं तीनदा जाऊन आलास, आणि आमच्या ओळखीत जाणता म्हणावा असा तू एकटाच. तोही ओढूनताणून.

तेव्हा काय न्यायचं, काय नाही, ते लिही. आणि निघण्याआधी आभाळाला जरा समजावून ठेव. जूनमधल्या पावसाच्या संताचं नाव आम्ही तुला उगाच नाही दिलं.

तुझी बडबडी कावळी,
व्राना

*

चुलीचा खडक,
रविवार, १३ मे

व्राना,

पाऊस पडतोय. मी काही केलेलं नाही.

डबाबंद मांस आणि सुपाची पाकिटं घ्या. कॉफी घ्या, पण पिऊ नका. तिकडं तिला सोन्याचा भाव आहे. एका पुडीला मेंढपाळ तुम्हाला चीजचा गोळा देईल आणि वर आशीर्वाद. गाडीत बसायला जागा मिळणार नाही, तेव्हा दाराजवळ पिशव्या टाकून त्यांवर लोळायचं. तपासनीस ओलांडून जातो, त्याला सवय असते.

मेंढपाळांची कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. दगड नसला तरी चालतं, त्या कुत्र्यांना बराच अनुभव आहे. धुकं आलं तर आहात तिथं बसून राहा. बिड्लो म्हणेल की त्याला वाट माहीत आहे. त्याला त्याच्याच पिशवीवर बसवून ठेवा.

माझा स्वेटर तुझ्याकडेच राहू दे, मला हल्ली उकडतं. अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला मधूनमधून मुंग्या येतात. दगडावर झोपण्याचं वय सरलं असेल, पण हे पुलेत्सला कळू देऊ नकोस.

९ जूनच्या शनिवारी पाळी बदलून घे. मी नकाशा घेऊन येतो. शब्द दिला समज.

मेडार्ड

*

चुलीचा खडक,
रविवार, १० जून

मेडार्ड,

तू आला नाहीस.

मी मुकादमीणबाईच्या हातापाया पडून पाळी बदलून घेतली. काल शेवटची गाडी जाईपर्यंत वाटेवर उभी होते, तुझा स्वेटर घालून. शब्द देऊन न येणारा तू नाहीस, म्हणून रागही नीट येत नाही. घरून निसटायला जमलं नाही का? की कुणाला काही कळलं?

तुझं खरं नाव मला माहीत नाही, घर माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. आजवर त्यातच मजा वाटत होती. काल पहिल्यांदा वाटलं, हे काय करून बसलो आपण? शोधायचं म्हटलं तर कुणाला शोधू?

जुलैत तुझ्याशिवाय मी कुठंही जाणार नाही. हे वाचलंस की दोन ओळी लिही. नुसतं "आहे" लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
व्राना

*

शनिवार, १६ जून

व्राना नावाच्या बाईस,

तुमच्याच कागदाच्या पाठीवर, तुमच्याच डब्यातल्या पेन्सिलीनं लिहीत आहे.

ज्यांना तुम्ही मेडार्ड म्हणता आणि अरे-तुरे करता, ते माझे यजमान, डॉक्टर कोउबेक. दातांचे डॉक्टर आहेत. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. कधी उन्हाळ्यात ते एकटेच हवापालटाला जात, आणि दर दुसऱ्या शनिवारी अळंबी गोळा करायला जातात, असं मी धरून चालले होते. फेब्रुवारीतही जात. बर्फात अळंबी उगवत नाही हे मलाही कळतं, पण काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. आता समजलं की अळंबीला हातपाय आहेत आणि ती पत्रं लिहिते.

गेल्या शनिवारी सकाळी बूट चढवायला डॉक्टर स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून रुग्णालयात आहेत. आज भेटीचा दिवस नाही, म्हणून मी इथं आले. कोटाच्या खिशात नेहमी एकाच स्टेशनचं तिकीट सापडायचं. तिथल्या तिकीटवाल्यानं माझ्या टाचांच्या बुटांकडं पाहून विचारलं, "तुम्हीपण पाठपिशवीवाल्यांकडंच का?" आणि हिरव्या खुणांची वाट दाखवली. खडकाखाली कपारीत हा डबा आणि राखेशेजारी डॉक्टरांचा मग टांगलेला दिसला. तो आमच्या स्वयंपाकघरातून हरवला होता.

तुम्ही लिहिता तो स्वेटर मी विणलेला आहे. काही लाज असेल तर परत पाठवा. जुलैसाठी तुम्हाला दुसरं कुणी शोधावं लागेल.

सौ. हेडविका कोउबकोव्हा
म्येल्निक, दंतवैद्य कोउबेक यांचा दवाखाना, वरचा मजला

*

जाब्लोनेत्स,
सोमवार, २५ जून

आदरणीय कोउबकोव्हाबाई,

स्वेटर सोबतच्या पुडक्यात आहे. बाहीला ठिणगीनं भोक पडलंय, ते माझ्यामुळं. त्याची मी माफी मागते. दुसऱ्या कशाची मागणार नाही, कारण तुम्ही समजलात तसं काहीही नाही. मी वीस वर्षांची आहे. माझं नाव द्राहोमीरा, आणि या नावानं मला कारखान्यात आणि घरी हाक मारतात. व्राना मी फक्त खडकावर असते.

तुमचं पत्र मी पुलेत्स आणि बिड्लोला वाचून दाखवलं. बिड्लो उठून लाकडं फोडायला गेला. लाकडं भरपूर होती.

आमच्याकडं नियम आहे, म्हणजे आमच्याआधीही होता. शेकोटीवर नाव, गाव, धंदा विचारायचा नाही. नाव शेकोटी देते. सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, मग केस पांढरे असोत नाहीतर मिसरूड फुटायचं असो. कारखान्यातली पोरगी आणि प्राध्यापकाचा मुलगा एकाच पातेल्यातून खातात, ते त्यामुळं. मेडार्डशेजारी मी पाच वर्षं बसले. तो कसा शिंकतो ते मला अंधारातही ओळखू येतं. आणि त्याला कुठल्या रुग्णालयात शोधावं, हे मला सांगता आलं नसतं. तुम्ही चिडून का होईना, नाव लिहिलंत, म्हणून कळलं. मला तुमचा राग आलेला नाही.

दातांचा डॉक्टर! पुलेत्स सगळा वसंत गाल धरून शेकोटीशी कण्हत बसला होता आणि हा बाबा शेजारी बसून गुपचूप बटाटे भाजत होता. फक्त एकदा म्हणाला, "लवंग धर दाताखाली. आणि सोमवारी जा कुणाकडं तरी, गाढवा." पुलेत्स म्हणतो, त्याला सांगा, मी गेलो होतो आणि दात वाचला.

आमची रुमानियाची तिकिटं काढून झाली आहेत, बिड्लोच्या आईचीही कशीबशी समजूत घातली आहे. पण त्याच्याशिवाय पाय निघत नाही. तो नको म्हणाला तर आम्ही जाणार नाही. विचाराल का? आणि आम्ही त्याला बघायला येऊ का?

तुमची,
द्राहोमीरा (व्राना)

*

म्येल्निक,
मंगळवार, ३ जुलै

कुमारी द्राहोमीरा,

पहिल्या पत्रातले काही शब्द मी मागे घेते. सगळे नाही.

डॉक्टरांना शुक्रवारी घरी आणलं. भेटायला येऊ नका, ते कुणालाच भेटत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून असतात. तोंडाचे आणि हाताचे जे व्यायाम सांगितलेत त्यांतला एकही करत नाहीत. शेजारचे येतात आणि विचारतात, "काय डॉक्टर, कसं काय?" ते डोळे मिटून घेतात. इथले डॉक्टर मला जिन्यात म्हणाले, या महिन्यात त्यांनी स्वतः मनावर घेतलं नाही तर बोलणं परत येईल असं धरून चालू नका.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पुलेत्सच्या दाताशी आल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, म्हणून मी थांबले. ते हसत होते. तुमचा प्रश्न मी दोनदा विचारला, तेव्हा डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि त्यांनी दाराकडं बोट दाखवलं. म्हणजे जा. ते मला दार दाखवतायत की तुम्हाला, हा विचार मनात आला होता, पण तुम्हालाच दाखवत होते. नकाशा त्यांच्या पिशवीत होता, तो सोबत आहे.

आता मी विचारते, आणि तुम्ही सरळ उत्तर द्या. मी त्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि अजून तिथंच आहे. सगळा दिवस मी त्यांच्या कोपराशी उभी असते. ते हात पुढं करतात आणि मी काय हवं ते देते; त्यांना बोलावंही लागत नाही. माझ्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही, असं मी सगळ्या गावाला सांगत आले. आणि त्या खडकाविषयी मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. एकदाही चल म्हणाले नाहीत. बाई असती तर मला समजलं असतं, भांडता आलं असतं. शेकोटीशी कसं भांडू?

मला एवढंच कळायला हवं. त्यांना तिथं मी नको होते का? ते तुमच्यात असताना कसे असायचे, ते लिहा. मन राखण्यासाठी लिहू नका.

हेडविका कोउबकोव्हा

ता. क. भोक रफू केलं आहे. स्वेटर परत पाठवत आहे. डोंगरात थंडी असते.

*

फगराशचा डोंगर,
बुधवार, १८ जुलै

प्रिय हेडविकाकाकू,

काकू म्हटलं तर चालेल ना? एवढ्या उंचावर "आदरणीय" लिहायला दम पुरत नाही.

हे पत्र तळ्याकाठी, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय. खाली गावात जाणाऱ्या मेंढपाळाकडं देईन. बुडापेस्टपर्यंत आम्ही दाराजवळ पिशव्यांवर लोळत आलो आणि तपासनीस खरोखरच ओलांडून गेला. पुढं एका गवताच्या ट्रकवाल्यानं फुकट बसवून घेतलं. ट्रकमधून उतरलो तेव्हा बिड्लोच्या केसांत इतकं गवत होतं की गाय मागं लागली. पावाला मोठी रांग होती, आमचा नंबर येईपर्यंत पाव संपला. रांगेतल्या एका बाईनं आपल्या पावातला अर्धा तोडून दिला. घ्यायला लाज वाटली. कॉफीची एक पुडी तिच्या पिशवीत टाकली, तेव्हा ती भर रस्त्यात माझ्या गालाचे मुके घेऊ लागली.

कुत्र्यांची गंमत त्याला मुद्दाम वाचून दाखवा. तीन कुत्री धावून आली. आम्ही तिघंही एकदम वाकलो. कुत्री थांबली, आणि पुलेत्स वाकलेला तो पिशवीच्या भारानं तोंडावर पालथा पडला. कुत्र्यांना हा प्रकार नवीन होता. एक तर जवळ येऊन त्याचा कान चाटून गेलं. दुसऱ्या दिवशी धुकं आलं. बिड्लो म्हणाला, "मला वाट माहीत आहे." आम्ही दोघांनी त्याला धरून पिशवीवर बसवलं. धुकं निवळलं तेव्हा पुढं पाच पावलांवर कडा होता. त्यानंतर बिड्लो सगळ्यांत मागून चालला, आणि आम्हीही त्याला चिडवलं नाही. मेडार्डच्या त्या दोन ओळींमुळं आज आम्ही तिघं जिवंत आहोत. हे त्याला नीट सांगा, काकू.

आता तुमचं. मन राखायचं नाही म्हणालात, तर ऐका.

आमच्यात तो सगळ्यांत कामचुकार आहे. पाणी आणायची पाळी आली की झोपेचं सोंग घेतो. बिड्लो त्याला कान धरून उठवतो आणि तो शिव्या देत जातो. ओली लाकडं त्याला कधीच पेटवता येत नाहीत. आम्ही त्याला "हो बाजूला" म्हणून ढकलतो. गातो मोठ्यानं आणि बेसूर. रुमानियाची वाट सोडली तर त्याला कुणी काही विचारायला जात नाही, कारण त्याला आणखी काही येतं असं आम्हाला मुळी माहीतच नव्हतं. खोटं कशाला बोलू, तो तिथं खूश असतो.

तुमच्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण आमच्यातलं कुणीच घरच्यांबद्दल फारसं बोलत नाही, माझ्या आईचं नावही त्यानं ऐकलेलं नाही. जुलैत मात्र रविवारी सगळे आवरून निघाले की हा आपला मग घेऊन झुडपांत गुडघ्यावर बसायचा, जांभळी बोरं वेचत. एकेक निवडून, पान न येऊ देता. आमची गाडी त्यापायी दोनदा चुकली. पुलेत्स ओरडला, "कुणासाठी एवढं?" तर म्हणाला, "आहे एक. पिचकं बोर दिसलं की तोंड वाकडं करते."

ती तुम्हीच ना?

त्याला तुम्ही नको होतात का, ते मला माहीत नाही. ते त्यालाच विचारा. वाचा गेली असली तरी कान शाबूत आहेत, आणि डावा हात आहे. आम्ही खडकावर एकमेकांना नाव विचारलं नाही ते भिडेपोटी, आणि तुम्ही घरात शनिवार विचारला नाहीत तोही त्याच कारणानं. आमचं त्यात काय झालं ते पाहिलंत. तुम्ही विचारा.

पुलेत्स आणि बिड्लोचा नमस्कार. स्वेटर अंगात आहे.

तुमची व्राना

*

म्येल्निक,
रविवार, ५ ऑगस्ट

पोरी,

तुझं पत्र यायला दोन आठवडे लागले. आल्यापासून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पुलेत्सच्या कानाशी आलं की ते मला हातानं खूण करतात, पुन्हा वाच. मग मी पुन्हा वाचते. कड्याचं वाचलं तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पिचक्या बोरांना तोंड वाकडं करणारी मीच.

त्याच दिवशी विचारलं. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला खुर्ची ओढली, म्हणजे त्यांना तोंड फिरवायला जागा राहिली नाही. म्हटलं, "डॉक्टर, मला कधी नेलं का नाहीत? मी तिथं नको होते का?" त्यांनी पेन्सिल मागितली. म्हणजे हात पुढं केला आणि मी दिली. डाव्या हातानं त्यांना लिहिता येत नाही, अक्षरं शाळेतल्या पोरासारखी आली. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं सरकवला. त्यावर होतं: तिथं मला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

मी म्हटलं, "अहो, मग मीही नसतं म्हटलं, डॉक्टर."

बोलून झालं आणि माझं मलाच ऐकू आलं. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, दमलेला माणूस बघतो तसे.

पोरी, मी बावीस वर्षांची होते तेव्हा त्या दवाखान्यात लागले. तोंडात तोच शब्द बसला. लग्नाच्या दिवशी नगरभवनात विचारलं, हा पती म्हणून मान्य आहे का, तर मी म्हणाले, "हो, डॉक्टर." सगळं सभागृह हसलं, आम्हीही हसलो. नंतर सगळे त्यात गंमत मानत राहिले आणि मी अभिमान. जेवायला वाढताना डॉक्टर, झोपताना डॉक्टर, आजारपणात डॉक्टर. तुमच्याकडं नाव शेकोटी देते. त्यांचं होतं ते नाव मी सत्तावीस वर्षं कपाटात ठेवलं, आणि वर विचारत होते, मला का नेलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, सुटल्यासारखंही वाटलं. मी नको होते असं नव्हतं.

त्यांचं नाव ओटाकार आहे. त्यांची आई ओटा म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात दार लावून चार-पाचदा म्हणून पाहिलं. आपल्याच नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी एवढी मोठी बाई तू पाहिली नसशील. मग चहा घेऊन खोलीत गेले. तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. मी म्हटलं, "ओटा, चहा."

त्यानं मान वळवली आणि माझ्या पलीकडं, दाराकडं पाहिलं. आणखी कोण आलंय ते बघत होता.

मी कप खाली ठेवला आणि पुन्हा हाक मारली.

हेडविका